इंटरनेटचे तलाठी : जॉन पोस्टेल

गावाकडे एक गुंठा जरी इकडचा तिकडे करायचा म्हटला तरी आधी तलाठ्याकडे जावं लागतं. (हुद्द्याचं सरकारी नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण पनवेल तालुक्यात अजून तरी कोणी तसं म्हणताना मी ऐकलं नाही.) जमीन तलाठ्याची नसते. पण कुठला सर्व्हे नंबर कोणाच्या नावावर हे त्याच्या दप्तरात असतं, आणि दप्तरात नाही ते जगात नाही! इंटरनेटलाही असे एक तलाठी होते. जवळजवळ तीस वर्षं त्यांनी नेटवर्कचं दप्तर सांभाळलं आणि नोंद करून देण्याबद्दल कोणाकडून फी म्हणून एक पैसाही घेतला नाही. त्यांचं नाव जॉन पोस्टेल.

आज एक्स्पायर झालेली डोमेन नावं शोधायची, स्वस्तात उचलायची आणि महागात विकायची हा जगभर चालणारा धंदा आहे. आपल्या होस्टेलमध्येही सेकंड सेमनंतर दर वर्षी दोघं-तिघं तरी यात हात घालून बघतात. या धंद्याची गोष्ट पोस्टेल यांच्याशिवाय सांगताच येत नाही, म्हणून हा लेख.

जॉन यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेनाचा. शाळा लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये. इंटरनेटच्या इतिहासातले विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे, म्हणजे त्या शाळेच्या पाण्यातच काहीतरी असावं! पुढे यूसीएलए या विद्यापीठातून १९६६ ला इंजिनियरिंगची डिग्री, १९६८ ला मास्टर्स आणि १९७४ ला कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी. डिग्र्यांच्या तारखा सोडा, महत्त्वाचं हे की १९६९ साली ते योग्य खोलीत होते. लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या यूसीएलएमधल्या लॅबमध्ये अर्पानेटचा पहिला नोड बसला, आणि २९ ऑक्टोबर १९६९ ला तिथून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला पहिला मेसेज गेला. लॉगिन हा शब्द टाइप करायचा होता, दोन अक्षरं गेली आणि पलीकडचं मशीन बसलं. आपल्या प्रॅक्टिकलला मशीन बसलं की ही गोष्ट आठवावी, जरा बरं वाटतं.

त्या लॅबमधले बहुतेक सगळे आपल्यासारखेच स्टुडंट होते. नियम कोणी ठरवून दिलेले नव्हते, म्हणून त्यांनीच ते कागदावर लिहायला सुरुवात केली. आपण नियम करतोय असं वाटू नये म्हणून क्रॉकर यांनी त्या कागदांना नाव दिलं रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स, म्हणजे आरएफसी. पहिली आरएफसी एप्रिल १९६९ ची. थोड्याच काळात या कागदांचे संपादक झाले पोस्टेल आणि मरेपर्यंत तेच राहिले. अडीच हजारांच्या आसपास कागद त्यांच्या हाताखालून गेले.

दुसरं काम होतं नंबरांचं. कुठल्या सर्व्हिसला कुठला नंबर, कुठल्या नेटवर्कला कुठला पत्ता, हे कोणीतरी एका जागी लिहून ठेवायला हवं, नाहीतर दोघं एकच नंबर घेऊन बसणार. मे १९७२ मध्ये आरएफसी ३४९ मध्ये पोस्टेल यांनी सुचवलं की हे नंबर वाटायला एक झार नेमावा, आणि कंसात स्वतःचं नाव प्रश्नचिन्ह लावून सुचवलं. मला हे प्रश्नचिन्ह फार आवडतं. कोणी हरकत घेतली नाही आणि काम त्यांच्या गळ्यात पडलं. सुरुवातीला ही सगळी नोंद एका वहीत होती. पुढे या कामाला आयएएनए असं भारदस्त नाव मिळालं, पण ऑफिस म्हणून बघायला गेलात तर तिथे पोस्टेल, त्यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स आणि मोजकी माणसं, एवढंच. १९७७ पासून त्यांचा मुक्काम सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये, समुद्राकाठच्या मरीना डेल रे इथे. लांब दाढी, पायात सँडल, सुट्टी मिळाली की सिएरा नेवाडाच्या डोंगरात ट्रेकिंग. मंत्रालयाच्या गेटवर अशा माणसाला पास मिळाला नसता.

कॉम्प्युटर नेटवर्क्सचा पेपर ज्यांनी दिलाय किंवा ज्यांची केटी आहे, त्यांनी पोस्टेल यांना न ओळखता बरीच वर्षं शिव्या दिलेल्या असणार. यूडीपीची आरएफसी ७६८ (१९८०) त्यांनी लिहिलेली, फक्त तीन पानांची. आयपी, आयसीएमपी आणि टीसीपीच्या ७९१, ७९२, ७९३ (१९८१) यांचे संपादक तेच. ई-मेल ज्यावर चालते त्या एसएमटीपीची ८२१ (१९८२) ही त्यांचीच. टीसीपी आणि आयपी हे आधी एकच प्रोटोकॉल होते. १९७७ मध्ये पोस्टेल यांनी ठासून मांडलं की पॅकेट पोचवणं आणि ती नीट लागली की नाही ते बघणं ही दोन वेगळी कामं आहेत, एकात कोंबू नका. आपण लेयरचं चित्र काढून जे पाच मार्क घेतो त्यात या भांडणाचा वाटा आहे. प्रोग्राम कसा लिहावा याबद्दलचा त्यांचा नियमही प्रसिद्ध आहे: स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याने पाठवलेलं स्वीकारताना जरा सांभाळून घ्या. मेसमधल्या सहजीवनालाही हा नियम लागू पडतो, पण तो विषय वेगळा.

माणूस शिस्तीचा होता, पण रुक्ष नव्हता. १ एप्रिल १९९० ला त्यांनी आरएफसी ११४९ छापू दिली, जिच्यात इंटरनेटची पॅकेट्स कबुतरांच्या पायाला बांधून पाठवायची अधिकृत पद्धत आहे. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या मुलांनी ती खरोखर करून दाखवली. नऊ कबुतरं सोडली, चार उत्तरं परत आली.

आता नावांकडे येऊ. आधी नेटवर्कवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि ती फाइल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा ग्रुप सांभाळायचा. कॉम्प्युटर वाढले तशी फाइल पुरेना. पोस्टेल यांनी आपल्याच इन्स्टिट्यूटमधल्या पॉल मॉकापेट्रिस यांना हे काम दिलं, आणि १९८३ मध्ये डीएनएस जन्माला आलं. कल्पना साधी आहे. एकच मोठी वही ठेवण्याऐवजी वह्यांची उतरंड करायची. सगळ्यात वरच्या वहीत, म्हणजे रूटमध्ये, फक्त एवढंच लिहायचं की डॉट कॉमची वही कोणाकडे, डॉट इन कोणाकडे. पुढचं ज्याचं त्याने बघावं. ऑक्टोबर १९८४ मध्ये पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी आरएफसी ९२० मध्ये कॉम, एज्यु, गव्ह, मिल, ऑर्ग ही वरची नावं आणि देशांसाठी दोन अक्षरी नावं ठरवली. १५ मार्च १९८५ ला सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे पहिलं डॉट कॉम नोंदवलं गेलं.

देशांची नावं वाटताना खरी गंमत होती. कुठला देश खरा, कुठला नाही, हे कोण ठरवणार? पोस्टेल यांनी ही कटकट अंगावर घेतलीच नाही. आयएसओची देशांच्या कोडची जी यादी तयार होती तीच उचलली. यादीत नाव असेल तर मिळेल, नसेल तर आधी तिकडे जाऊन या. मग त्या देशातलं कोणीतरी जबाबदार, बहुतेक वेळा विद्यापीठातलं किंवा संशोधन संस्थेतलं माणूस शोधायचं आणि वही त्याच्या हाती द्यायची. आपल्या डॉट इनची नोंद ८ मे १९८९ ची. ही वही आली मुंबईत, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे टीआयएफआरमधून निघालेल्या एनसीएसटीकडे, जिचे प्रमुख होते डॉ. श्रीनिवासन रमणी. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. पनवेल लोकलने जाताना खारघर स्टेशनसमोर जे सी-डॅक दिसतं, ते तिचंच घराणं! म्हणजे पोस्टेल यांच्या वहीतलं भारताचं पान एकेकाळी आपल्या शेजारच्या लोकांकडे होतं.

या सगळ्या काळात नावं फुकट होती. फॉर्म भरा, नाव घ्या. फी नाही, त्यामुळे रिन्युअल नाही, आणि रिन्युअल नाही म्हणजे एक्स्पायर होण्याचा प्रश्नच नाही. १९९३ पासून डॉट कॉमसारख्या नावांची नोंदणी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या कंत्राटावर नेटवर्क सोल्युशन्स नावाची कंपनी करत होती. तेवढ्यात वेब आलं आणि अर्जांचा पूर लोटला. १९९४ मध्ये एका अमेरिकन पत्रकाराने मॅकडोनाल्ड्सचं नाव कंपनीच्या आधी स्वतः नोंदवलं आणि त्यावर लेख लिहून सगळ्यांना जागं केलं. १४ सप्टेंबर १९९५ पासून फी लागू झाली: दोन वर्षांचे १०० डॉलर, पुढे वर्षाला ५०. जुन्या नावांनाही. ज्याने बिल भरलं नाही त्याचं नाव काढून टाकायचं आणि पुन्हा मोकळं करायचं.

एक्स्पायर्ड डोमेनचा सगळा धंदा या तारखेतून निघाला. आपण डोमेन विकत घेतलं असं म्हणतो ते चूकच आहे. सिडकोचा प्लॉट जसा साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो तसंच डोमेन भाडेपट्ट्यावर असतं, फक्त इथे मुदत एक ते दहा वर्षं. मुदत संपली की लगेच जात नाही. डॉट कॉमच्या बाबतीत आधी काही दिवसांची सवलत, मग जादा दंड भरून सोडवायला ३० दिवस, मग ५ दिवस नाव तसंच लटकत राहतं आणि शेवटी मोकळं होतं. त्या क्षणाची वाट बघत कंपन्या बसलेल्या असतात. काहींनी तर फक्त रांगेत जास्त वेळा उभं राहता यावं म्हणून शेकडो रजिस्ट्रारची लायसन्स घेऊन ठेवली आहेत. तुम्ही आम्ही लॅपटॉप उघडून बसलो तरी चांगलं नाव आपल्या हाताला लागत नाही, ते लिलावातच मिळतं. आपल्याकडे साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचं जे झालं तेच. ज्याला पुढचा नकाशा आधी कळला त्याने कमावलं.

जुन्या नावाला किंमत कसली? एक तर शब्दाचीच. १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला गेलेलं बिझनेस डॉट कॉम १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरला विकलं गेलं. (ते एक्स्पायर झालेलं नव्हतं, सरळ विक्री होती.) दुसरी किंमत लिंकांची. समजा आपल्या फेस्टची वेबसाइट दहा वर्षं चालली, पेपरवाल्यांनी, दुसऱ्या कॉलेजांनी तिच्या लिंक दिल्या, आणि एका वर्षी कमिटी बदलताना रिन्युअल राहून गेलं. नाव दुसऱ्याने घेतलं तरी त्या सगळ्या लिंक तिथेच येणार. तो त्यावर जाहिराती लावेल, नाहीतर रमीचं ॲप विकेल. गूगलने मार्च २०२४ मध्ये असा वापर स्पॅम म्हणून जाहीर केला, त्यामुळे हा मार्ग पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. तिसरी गोष्ट किमतीची नाही, भीतीची आहे: नाव ज्याच्याकडे त्याच्याकडे त्या नावाच्या ई-मेलही जातात. जुन्या कमिटीच्या आयडीवर उघडलेली अकाउंट्स, पासवर्ड रिसेटच्या लिंक, सगळं नव्या मालकाच्या दारात. मोठ्यांनाही हे चुकलं नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि ऐन नाताळात हॉटमेलचं लॉगिन अडकलं. एका परक्या प्रोग्रामरने स्वतःच्या क्रेडिट कार्डने पैसे भरले तेव्हा ते सुरू झालं. कंपनीने त्याला ५०० डॉलरचा चेक दिला.

आपल्या मुंबईतही पहिली भांडणं त्याच सुमाराला झाली. रेडिफसारखंच दिसणारं, एकच अक्षर बदललेलं रॅडिफ नाव कोणीतरी घेतलं. १९९९ मध्ये मुंबई हायकोर्टाने ते थांबवलं आणि सांगितलं की डोमेन नाव म्हणजे नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळेल. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही तोच रस्ता धरला. तेव्हा एक्स्पायर्ड नाव शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: साधा शब्द उचलणं हा व्यापार आहे, पण दुसऱ्याच्या ब्रँडचं सुटलेलं नाव उचललंत तर कमाईपेक्षा वकिलाचं बिल मोठं होईल.

पोस्टेल यांचं मत या सगळ्याच्या उलट होतं. मार्च १९९४ च्या आरएफसी १५९१ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं होतं की वरच्या वह्या सांभाळणाऱ्यांनी हक्क आणि मालकीच्या गोष्टी करू नयेत, जबाबदारी आणि सेवेच्या कराव्यात. पण इकडे एकाच कंपनीला डॉट कॉमचा मक्ता मिळून बसला होता. १९९५ मध्ये ४७ लाख डॉलरला विकली गेलेली नेटवर्क सोल्युशन्स पुढे २००० मध्ये व्हेरीसाइनने २१ अब्ज डॉलरला घेतली. ज्या वहीतून हे पैसे उगवले तिचा मूळ कारकून विद्यापीठाच्या पगारावर होता. पोस्टेल यांनी मक्ता मोडायचा प्रयत्न केला. १९९६ मध्ये त्यांनी दीडशेपर्यंत नवी वरची नावं आणि ती चालवायला अनेक नव्या कंपन्या असा प्लॅन मांडला. मग कमिट्या, करार, जिनिव्हाला सह्या. अमेरिकन सरकारने मान्यता दिली नाही.

आणि मग २८ जानेवारी १९९८. हा दिवस मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो. रूटची मूळ प्रत नेटवर्क सोल्युशन्सच्या मशीनवर होती आणि बाकीचे १२ रूट सर्व्हर तिची नक्कल घ्यायचे. पोस्टेल यांनी त्यातल्या आठ सर्व्हरच्या चालकांना ई-मेल केली: यापुढे नक्कल माझ्या मशीनवरून घ्या. त्यांच्या हातात कसलाही सरकारी कागद नव्हता. तरी आठही जणांनी ऐकलं, कारण सांगणारा माणूस जॉन होता. नासा आणि लष्कराकडचे सर्व्हर जुन्याच जागी राहिले. जगात कोणाला काही कळलं नाही, वेबसाइट चालू राहिल्या, पण काही दिवस इंटरनेटच्या सातबाऱ्याची दोन दप्तरं होती. क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी फोन करून हे थांबवायला लावलं. पोस्टेल यांनी ती टेस्ट होती असं म्हटलं आणि सगळं पूर्ववत केलं.

टेस्ट होती की इशारा, यावर आजही वाद आहे. आमच्या रूमवरही झाला, रात्री दोनपर्यंत. माझं मत असं की ज्याला फक्त विश्वासावर तीस वर्षं काम करता आलं, त्याने तो विश्वास किती पुरतो हे एकदा बघितलं. आठ जणांपर्यंत पुरला. सरकारपर्यंत नाही. माझी रूममेट म्हणते की एका माणसाच्या ई-मेलवर सगळं जग हलत असेल तर तो माणूस कितीही चांगला असला तरी व्यवस्था वाईटच, आणि उद्या त्या खुर्चीवर दुसरा कोणी बसला तर? तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोस्टेल यांच्याकडेही एवढंच होतं, की ही खुर्ची एका माणसाची राहू नये. त्यामुळे त्या वर्षाचे उरलेले महिने ते आपल्या वहीसाठी एक रीतसर संस्था उभी करण्यात गुंतले. तिचं नाव आयकॅन. सप्टेंबर १९९८ च्या अखेरीस तिची नोंदणी झाली. तिचे टेक्निकल प्रमुख तेच होणार होते.

झाले नाहीत. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर तब्येत बिघडून १६ ऑक्टोबर १९९८ ला लॉस एंजेलिसमध्ये ते गेले. वय फक्त ५५. विंट सर्फ यांनी त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेख आरएफसी म्हणूनच निघाला, नंबर २४६८. इंटरनेट सोसायटी १९९९ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

आयकॅनने १९९९ मध्ये नावांच्या भांडणांसाठी लवादाची पद्धत आणली. डॉट इनची वही २००५ पासून निक्सीकडे गेली आणि सगळ्यांना खुली झाली. त्याआधी बारा-तेरा वर्षांत जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली होती, पुढच्या पाच वर्षांत सहा लाखांच्या वर गेली. साहजिकच एक्स्पायर होणारी नावंही वाढली.

पोस्टेल यांच्या वहीवर अमेरिकन सरकारचं जे कंत्राटी नियंत्रण होतं ते संपायला मात्र त्यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षं लागली. ते संपलं १ ऑक्टोबर २०१६ ला. आपल्या पनवेल नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तोच दिवस.